अकरा दिवसांची माळ

चंद्राकाकी,

एकोणीस वर्षं चाललेलं भांडण अर्धवट टाकून तू गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे ही तुझी सवय मला माहीत होती, पण त्यासाठी माणूस इतक्या टोकाला जातं हे माहीत नव्हतं. सकाळी पणतवाला न्हाऊ घातलंस, दुपारी पेज प्यायलीस, जरा पडते म्हणालीस आणि उठलीच नाहीस. तुझ्या हातांना अजून खोबरेलाचा वास होता, असं तुझा मुलगा दिगू सांगत होता. मी आले तेव्हा मीही तो घेतला. खोटं कशाला बोलू, रडता रडता मला हसू आलं. आता ही वर जाऊन सगळ्यांत आधी काय विचारणार, ते मला ठाऊक होतं.

"रंग बघलंस काय गो?"

तुझा हा प्रश्न भांडुपमध्ये कुणाला माहीत नाही? लग्नात, हळदीकुंकवात, भाजीच्या गाडीपाशी, कडेवर तान्हं मूल घेतलेली बाई दिसली की तू तिला अडवायचीस. मुलाचं नाव नाही, वजन नाही, कुणासारखं दिसतं ते नाही. सरळ शीचा रंग. माझ्या नवऱ्याच्या, संजयच्या चुलतभावाच्या लग्नात नवरीकडच्या एका नटलेल्या लेकुरवाळ्या बाईला तू जेवणाच्या पंगतीत हे विचारलंस. तिच्या हातात जिलबी होती. ती बाई पुढे काही खाऊ शकली नाही, आणि मी तुला कोपराने ढोसलं तर तू म्हणालीस, "पोटात जाता त्याचा सगळ्यांका कौतुक, भायर येता त्याचा कोणाक नाय." त्या बाईनेही घरी जाऊन रंग बघितलाच असणार.

आपली ओळख झाली तेव्हा तू साठीची होतीस आणि मी सत्तावीसची, ओली बाळंतीण. माझी आई नव्हती, म्हणून माहेरी जायचा प्रश्न नव्हता. सासूबाईंनी तुला लावली. "सगळ्या भांडुपची पोरं हिच्या पायांवर वाढली," असं त्यांनी सांगितलं. तू रोज सकाळी यायचीस, पाटावर बसून पाय लांब करायचीस, माझ्या सईला पालथी घालायचीस आणि तिच्याशी मालवणीत गप्पा मारत तिला चोळायचीस. मला तुझी भीती वाटायची. मी मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, पुस्तकं वाचून बाळंत झालेली बाई. तुला 'अहो काकी' म्हणायची आणि मनातून अडाणी समजायची.

तुझी एक पद्धत होती. लंगोट धुवायला टाकण्याआधी तू तो खिडकीपाशी नेऊन उघडायचीस. बाथरूममधल्या दिव्याखाली कधीच नाही. बल्ब सगळंच पिवळं करून दाखवतो, आणि ट्यूबलाइट खोटं बोलते, असं तुझं म्हणणं होतं. सई पंचवीस दिवसांची असताना तू अशीच खिडकीपाशी उभी राहिलीस, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिलीस. मग मला हाक मारलीस. लंगोटावर पिवळं नव्हतंच काही. ओल्या चुन्यासारखं फिकट होतं. लघवीने मात्र कापडावर गडद डाग पडला होता.

"ह्यो रंग बरो नाय," तू म्हणालीस. "आजच मोठ्या हॉस्पिटलात घेवन जा."

आता खरी गोष्ट सांगते, काकी. इथे तरी मला कुणी गप बसवणार नाही.

मी नाही म्हटलं. सईचे डोळे पिवळे होते, पण आमच्या जवळच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नवजात बाळांना कावीळ होते, कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल. त्यांनी शी बघितली नव्हती आणि आम्ही दाखवलीही नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. मला हॉस्पिटलची भीती वाटत होती. माझी आई अशीच तपासायला म्हणून गेली होती आणि परत आली नव्हती. दहावीत मला कावीळ झाली तेव्हा मावशीने डोक्यावर काविळीची माळ ठेवली होती. झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती माळ रोज थोडी थोडी लांबत गळ्यात आली, मग कमरेशी, मग पायांशी, आणि मी बरी झाले. मी तुला म्हटलं, मला माळ आणून द्या. तू दोन दिवस आणली नाहीस. "मोठ्यांची कावीळ येगळी," असं दोनदा म्हणालीस. तिसऱ्या दिवशी मी तुझ्यापुढे हात जोडले आणि रडले, तेव्हा तू कांजूरच्या कुणा बाईकडून माळ आणलीस.

माळ सईच्या डोक्यावर बसली. रोज ती लांबत होती आणि रोज मी आनंदाने दाखवत होते, बघा, गळ्यात आली, बघा, छातीवर आली. तू माळेकडे बघतच नव्हतीस. तू लंगोट बघत होतीस. अकराव्या दिवशी माळ सईच्या पोटापर्यंत आली आणि तू उठून शिवणाच्या डब्यातली कात्री घेतलीस. माळ कापलीस. सकाळचा लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत घातलास, माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये कोंबलास आणि म्हणालीस, "चल." ती चांगली पर्स होती. नंतर मी ती वापरली नाही, पण टाकलीही नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी लंगोट बघितला आणि सईला दाखल करून घेतलं. यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद होत्या. पित्त आतच साठून यकृत खराब होत होतं. ऑपरेशन करून आतडं थेट यकृताला जोडायचं होतं, आणि ते दोन महिन्यांच्या आत झालं तर जास्त चांगलं चालतं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी होते, संजय होता, सासूबाई होत्या, तू होतीस. "शी पांढरी झाल्याला किती दिवस झाले? इतके दिवस काय करत होतात?"

मी सईचं दुपटं नीट करायला लागले. तू पुढे झालीस.

"मी माळ घातलंय," तू म्हणालीस. "ह्या पोरीन नको म्हटल्यान. मीच ऐकलंय नाय."

काकी, त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. संजयने तुझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर माझ्या वाट्याची होती. ती तू घेतलीस आणि मी घेऊ दिली. घरी परतल्यावर सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने आणखी कुणाला, आणि महिन्याभरात दोन घरांनी तुला न्हाऊ घालायला नको म्हणून कळवलं. तू आमच्याकडे मात्र येत राहिलीस. सईचं ऑपरेशन पन्नासाव्या दिवशी झालं. सातव्या दिवशी वॉर्डात नर्सने लंगोट बदलला, मी तो हिसकावून घेतला आणि खिडकीपाशी धावले. हिरवट पिवळं. मी ओरडले, "काकी, तू बघ." 'अहो काकी'ची 'तू' झाली ती तिथे, आणि तुझ्या लक्षातही आलं नाही, कारण तू लंगोटावर वाकून रडत होतीस.

नळ्यांचं काम झालं म्हणजे आजार संपला, असं आम्हाला वाटलं होतं. कसला संपतोय. यकृताला जखमा होत्या त्या होत्याच. पहिल्या दोन वर्षांत ताप यायचा, नुसता साधा ताप, आणि शी परत फिकट व्हायची. म्हणजे जोडलेल्या जागी जंतू शिरले, की पळा हॉस्पिटलला. मग खाज सुरू झाली. सई अंग खाजवून रक्त काढायची. तू तिच्या हातांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधायचीस आणि त्यांवर डोळे आणि नाक काढून द्यायचीस, म्हणजे तिला त्या बाहुल्या वाटाव्यात. एकाला ती 'मिष्टर' म्हणायची आणि एकाला 'काकी'. काकी नेहमी मिष्टरला मारायची.

चौथ्या वर्षी तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं आणि मीठ बंद झालं. मालवणी घरात वाढणाऱ्या पोरीचं मीठ बंद, म्हणजे काय ते मी सांगायला नको. सुकट भाजल्याचा वास शेजारून आला की ती दाराशी जाऊन बसायची. तू एक दिवस बांगडे घेऊन आलीस आणि बिनमिठाचं तिखलं केलंस, भरपूर तिरफळं घालून. मी म्हटलं, कोकम घालायचं ना? तू म्हणालीस, "सोलांक मीठ आसता. चिंच घाल." आहाराच्या कागदावर पापड, लोणचं, फरसाण सगळं लिहिलं होतं, कोकम नव्हतं. पुढच्या वेळी मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्यांनी ते त्यांच्या कागदावर लिहून घेतलं. हे तुला कळलं तेव्हा तू महिनाभर जमिनीवर नव्हतीस. आणि ज्या दिवशी त्यांनी सईला खोबरेल तेल द्या, ते तिला पचेल असं सांगितलं, त्या दिवशी तर तू चाळभर सांगत फिरलीस की डॉक्टरीण आपल्याच गावची असणार.

तुझं ते रंगांचं कार्डही त्याच वर्षातलं. संजय तेव्हा मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होता. त्याच्या दुकानात बायका ब्लाउजपीस घेऊन दाराबाहेर जायच्या, साडीला लावून उन्हात बघायच्या आणि मग परत आत यायच्या. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "काकी, तुझं आणि माझं काम एकच आहे. रंग उजेडातच बघायचा." दोन दिवसांनी तू त्याच्याकडून कापडाच्या चिंध्या मागून घेतल्यास. पुठ्ठ्यावर त्या ओळीने शिवल्यास. वर हळदी, मोहरी, हिरवट. खाली फिकट बदामी, राखाडी, पांढरा. वरचे बरे, खालचे दिसले तर धावा. सई पाच वर्षांची असताना शाळेत तिला रक्ताची उलटी झाली, अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा फुटून, आणि आदल्या दिवशी तिची शी डांबरासारखी काळी झाली होती हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. दुर्बिणीतून शिरा बांधल्या, ती वाचली. तू घरी गेलीस आणि कार्डाच्या तळाला एक काळी चिंधी जोडलीस.

ते कार्ड घेऊन तू घराघरांत फिरायचीस. आणि प्रत्येक घरात एकच गोष्ट सांगायचीस. "मी एका चेडवाक माळ घातलंय. अकरा दिवस फुकट घालवलंय. तुमी घालव नको." ज्यांनी तुला नको म्हटलं होतं, त्या दोन घरांतही तू गेलीस. पाटीलवहिनींच्या नातवाला तुझ्यामुळे वेळेवर नेलं. घाटकोपरच्या एका मुलीला तर एकविसाव्या दिवशीच. तिची आई मिठाई घेऊन आली तेव्हा तू तिला विचारलंस, आज रंग काय.

आपलं भांडण हॉस्पिटलपासूनचंच होतं, पण ते पेटलं इथे. मी तुला म्हटलं, काकी, पुरे झालं, आता मी सांगते सगळ्यांना, माळ मी मागितली होती. तू खवळलीस.

"गप ऱ्हव. माझी चूक सांगितली काय लोक लंगोट बघतत. तुझी सांगितली काय लोक तुका बघतत."

मी म्हटलं, हे खोटं आहे. तू म्हणालीस, खोटं असेल पण कामाचं आहे. मी म्हटलं, माझ्या मनाचं काय? तू म्हणालीस, तुझ्या मनाला पोर जिवंत आहे ते पुरे नाही काय. हे भांडण आपण गणपतीत केलं, दिवाळीत केलं, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये केलं. सई सहा वर्षांची असताना माझ्या यकृताचा तुकडा तिला द्यायचं ठरलं, तेव्हा तर कडाक्याचं केलं. तुला वाटलं मी प्रायश्चित्त घेतेय. तू डॉक्टरांना म्हणालीस, "माका घेवा की. माझा लिवर काय वायट आसा?" वय जास्त आहे म्हटल्यावर तू तीन दिवस फुगून बसलीस. काकी, ते प्रायश्चित्त नव्हतं गं. माझा रक्तगट जुळत होता, एवढंच. तरीही भूल द्यायला आत नेताना मी तुझा हात धरून म्हटलं, मी वाचले तर सांगणार. तू म्हणालीस, "वाचशीत. आणि गप ऱ्हवशीत." दोन्ही खरं झालं.

आणि मग काय दिवस आले गं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सईच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा झाला. तिने आरशात बघितलं आणि विचारलं, "माझे डोळे कुणी धुतले?" ती पळायला लागली, ती जिने चढायला लागली, ती आगाऊ झाली. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, गोळी चुकवायची नाही. तू मनगटावर कधी घड्याळ बांधलं नाहीस, पण पावणेआठला तुझा फोन यायचाच. गावाहून तू हौसेने पपनसं आणलीस आणि डॉक्टरांनी सांगितलं, त्या गोळीबरोबर पपनस चालत नाही, तर तू सगळी पपनसं खालच्या मजल्यावर वाटून आलीस आणि स्वतःही पुन्हा खाल्लं नाहीस. गणपतीत सई नाचली तेव्हा तू तिच्याहून जास्त नाचलीस. तिच्या पोटावरचा व्रण एका मुलीने बघून नाक मुरडलं, तर सईने सांगितलं, "मर्सिडीजचा लोगो आहे, तुझ्याकडे आहे का?" हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. तुला मर्सिडीज माहीत नव्हती, म्हणून तू सुटलीस.

आणि तो नारळ. आठवीत असताना तिने विज्ञान प्रदर्शनासाठी काविळीची माळ मिळवली आणि एका सोललेल्या नारळाला घातली. काड्या सुकत गेल्या, दोरा सैल होत गेला, आणि बारा दिवसांत माळ नारळावरून खाली टेबलावर उतरली. सईने पाटी लावली: नारळाची कावीळ बरी झाली. तू बघायला आलीस. मी तुझ्याकडेच बघत होते. तू इतकी हसलीस की तुला खुर्ची द्यावी लागली. बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "आता तरी सोड गो ता." मी सोडलं नाही.

परवा तुझं बारावं झालं. जेवणं आटोपली, पुरुष बाहेर गेले, आणि आम्ही बायका आत बसलो. सोयर आणि सुतक एकाच घरात, एका खोलीत तुझा फोटो आणि दुसऱ्या खोलीत वीस दिवसांचं बाळ. कुणीतरी सुरू केलं, "काकींनी ती माळ घातली होती ना सईला, बिचारीने जन्मभर मनाला लावून घेतलं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी सई बसली होती, पलीकडे सासूबाई. समोर तुझी नातसून पूजा, मांडीवर तुझा पणतू.

मी म्हटलं, "काकीने नाही घातली. मी मागितली. काकी पहिल्याच दिवशी हॉस्पिटलला जा म्हणाली होती. मी ऐकलं नाही. एकोणीस वर्षं मी तिला माझ्या जागी उभी केली."

तू म्हणाली होतीस तेच झालं, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, जिंकलीस तू.

मग सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी काय बहिरी आहे? स्वयंपाकघरात होते मी. तू हात जोडून रडत होतीस."

"मग तुम्ही गप्प का राहिलात?"

"हॉस्पिटलात तिने मला डोळ्याने गप्प केलं. आणि नंतर मला लाज वाटली." त्यांनी तुझ्या फोटोकडे बघितलं. "सबंध भांडुपमध्ये मी तिला नावं ठेवली आणि दर दिवाळीला चकल्या पाठवल्या. तिने एकदाही परत पाठवल्या नाहीत."

मी सईकडे बघायचं टाळत होते. तिने माझा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला, उलटा करून, ती लहानपणी सलाईनच्या सुया लागायच्या तेव्हा मी तिचा ठेवायचे तसा. "घाबरली होतीस," ती म्हणाली. "सत्तावीस म्हणजे काय मोठी होतीस? माझ्यापेक्षा आठ वर्षांनी."

काकी, मी तिथे रडले. मोठ्याने, बायकांदेखत. हे सगळं तुझ्यासमोर व्हायला हवं होतं.

आणि तेवढ्यात पूजा उठली. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी," ती मला म्हणाली, "आजी गेल्यापासून आम्ही बघितलंच नाही. डायपर तसाच गुंडाळून टाकतो. आणि त्याचे डोळे अजून जरा पिवळे वाटतात. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी घाबरत होते. तुम्ही सांगितलं म्हणून बोलतेय."

सईने बाथरूमच्या दारामागच्या खिळ्यावरून तुझं कार्ड काढलं. पूजाने डायपर उघडला. आम्ही सगळ्या जणी खिडकीपाशी गेलो, सासूबाईसुद्धा, गुडघे धरत. तुझ्या बाराव्याला आलेल्या दहा-बारा बायका एका डायपरवर वाकून उभ्या होत्या. सईने कार्ड शेजारी धरलं, तू धरायचीस तसंच, उन्हाकडे तोंड करून. पहिल्या ओळीतली दुसरी चिंधी.

"मोहरी," सई म्हणाली. "तरी उद्या रक्त तपासायचं. दोन आठवड्यांवर पिवळं राहिलं तर रंग चांगला असला तरी तपासायचं. काकीचा नियम."

"तपासूया," पूजा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीसुद्धा. मी बरोबर गेले. रिपोर्ट आज आला. बाळ ठणठणीत आहे, कावीळ साधीच आहे, आपोआप उतरेल.

म्हणजे बघ. मी माझी चूक सांगितली आणि बायकांनी आधी मला बघितलं, हे तुझं खरं. पण मग त्यांनी लंगोट बघितला. एकोणीस वर्षांचं भांडण होतं, काकी, आणि ते तू हरलीस.

आता तिथे कुणी अडवलं नाही तर पुढचं विचारशील, म्हणून आधीच सांगते. सईने आठची गोळी घेतली. आणि तुझ्या पणतवाचा आजचा रंग मी स्वतः बघितला, खिडकीपाशी, उन्हात. हळदी.